डूला

गरोदरपणात, कळा चालू असताना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाईच्या सोबतीला राहणारी प्रशिक्षित स्त्री. डूला म्हणजे सुईण नव्हे. आतली तपासणी, बाळाचे ठोके, औषधे यांपैकी कशालाच ती हात लावत नाही. डॉक्टर-नर्सची ये-जा चालू असते; ही मात्र खाटेपासून हलत नाही. कळ आली की पाठीच्या तळाशी तळहात घट्ट दाबून धरते, दोन कळांच्या मधे घोटभर पाणी पाजते, कूस बदलायला लावते. भेदरलेल्या नवऱ्यालाही काहीतरी काम देते.

मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये हे नाव रूढ केले. पुढे मार्शल क्लाउस, जॉन केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात प्रयोग केला. तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत. काही बायकांना एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली सोबतीण दिली. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले: दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत एकट्या बायकांना सरासरी १९ तासांहून अधिक लागले, सोबत असलेल्यांना सुमारे ९. ह्यूस्टनचा प्रयोग (१९९१) याहून विलक्षण. एकट्या बायकांत सिझेरियनचे प्रमाण १८ टक्के, डूला असलेल्यांत ८. तिसऱ्या गटात खोलीत एक बाई नुसती नोंदी घेत बसली होती, एक शब्दही न बोलता. तिथेही प्रमाण १३ वर आले!

आकड्यांनी फार हुरळून जायला नको. १७ देशांतल्या २६ चाचण्यांचा २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो की अखंड सोबतीने सिझेरियन कमी होतात हे खरे, पण कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनीच घटतो.

क्लाउस, केनेल, पेनी सिमकिन आदींनी १९९२ मध्ये ‘डोना’ ही संस्था काढली. तिथे डूलांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळते.

भारतात २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्याची मुभा आहे. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, ही अट. पण ती घरचीच कुणीतरी, बहुधा आई किंवा जाऊ. पैसे घेऊन येणारी डूला मुख्यतः शहरांतल्या खासगी रुग्णालयांत दिसते, आणि तीही डॉक्टर तयार असतील तरच.

बाळंतपणानंतरची डूला घरी येते. बाळाला अंगावर घ्यायला शिकवते, बाळंतिणीला दोन तास झोप मिळावी म्हणून बाळ सांभाळते, वरणभाताचा कुकर लावते. मराठी घरात हे माहेरी होतेच. अमेरिकेत त्याची फी मोजावी लागते. मिनेसोटा, ऑरेगॉन अशा काही राज्यांत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतून डूलाचे पैसे दिले जातात.