पावसाळी अधिवेशन २०२५ : उजव्या अजेंड्यातील काय मंजूर झाले, काय अडले?

महाराष्ट्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै २०२५ या काळात मुंबईत झाले. वृत्तवाहिन्यांवर सभागृहाबाहेरची हाणामारी आणि आमदारांची शेरेबाजी जास्त दिसली. पण आपल्या समाजावर दीर्घकाळ परिणाम करतील असे काही निर्णय याच तीन आठवड्यांत झाले किंवा त्यांची घोषणा झाली. कार्यकर्त्यांना संदर्भासाठी हाताशी असावेत म्हणून ते येथे एकत्र मांडत आहोत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मंत्र्याने सभागृहात केलेली घोषणा, सभागृहात मांडलेले विधेयक आणि मंजूर झालेले विधेयक या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. समाजमाध्यमांवर त्यांची सरमिसळ होते. मग जे अजून थांबवता येते त्यावर आपण हताश होतो आणि जे मंजूर झाले त्याकडे दुर्लक्ष करतो.

सभागृहातील बळ

२०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे गटाला ५७ आणि अजित पवार गटाला ४१ जागा मिळाल्या. विरोधकांपैकी एकाही पक्षाला सभागृहाच्या एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. या अधिवेशनातही विधानसभेला विरोधी पक्षनेता नव्हता. विधेयक मतदानाने अडवण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. म्हणून सभागृहाबाहेरचे जनमत, समितीपुढच्या हरकती आणि न्यायालय हेच मार्ग उरतात.

मंजूर : विशेष जनसुरक्षा विधेयक

सरकारच्या यादीत हे विधेयक सर्वांत वर होते. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा आले, पण विधानसभेची मुदत संपल्याने बारगळले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडले गेले आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. विरोध नोंदवला तो माकपचे विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक तिथेही मंजूर झाले.

सरकारचा युक्तिवाद असा की छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत आणि शहरांतील माओवादी संघटनांवर कारवाईसाठी महाराष्ट्रालाही तो हवा. समितीने काही बदल केले. 'व्यक्ती आणि संघटना' या मोघम शब्दांऐवजी 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असा रोख आला. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतील. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल. हे बदल हरकतींमुळेच झाले, हे विसरू नये.

तरीही मूळ प्रश्न कायम आहे. कोणती संघटना 'तत्सम' हे सरकारच ठरवणार. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले व लिहिलेले शब्द, खुणा आणि चिन्हेही येतात. प्रस्थापित कायदा न पाळण्यास प्रोत्साहन देणे हेसुद्धा त्यात आहे. बंदी घातलेल्या संघटनेचे सदस्यत्व हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. सदस्य नसताना मदत केली तरी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

आंबेडकरी समाजाला ही चिंता काल्पनिक वाटत नाही. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, तपास यंत्रणेपुढे हजर झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. तो यूएपीए होता. तो कायदा आणि मकोका हाताशी असताना राज्याला आणखी एक कायदा कशासाठी, याचे पटणारे उत्तर सभागृहात मिळाले नाही. सत्याग्रह म्हणजे अन्यायकारक नियमाचा शांततेने भंग. उद्या वस्तीतल्या पाण्यासाठी किंवा गायरान जमिनीसाठी बसलेल्या धरण्याला ही व्याख्या लावली गेली तर काय, हा आमचा प्रश्न आहे.

घोषणा : धर्मांतरविरोधी कायदा

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली होती. जुलैच्या अधिवेशनात मंत्र्यांनी कठोर कायदा आणण्याचे सभागृहात सांगितले. विधेयक मात्र या अधिवेशनात मांडले गेले नाही.

'हा विषय ख्रिश्चन आणि मुस्लिमांचा आहे' असे आपल्यातही काही जण म्हणतात. त्यांनी गुजरातकडे पाहावे. तिथल्या सरकारने ८ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म असल्याचे म्हटले आणि हिंदू व्यक्तीला बौद्ध धम्म स्वीकारायचा असेल तर २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. अशी अट महाराष्ट्रात आली तर दीक्षाभूमीवर आणि गावोगावी होणाऱ्या धम्मदीक्षेचे काय? १९५६ मध्ये बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा कुणाच्या परवानगीचा अर्ज भरावा लागला नव्हता.

घोषणा : जातप्रमाणपत्रे रद्द

हिंदू, बौद्ध आणि शीख वगळता अन्य धर्मातील व्यक्तीने अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळवले असल्यास ते रद्द करू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणजे बौद्धांचे आरक्षण या घोषणेने जात नाही. अफवा पसरवू नका. पण पडताळणी कडक होईल तेव्हा शाळेच्या दाखल्यावरील जात आणि धर्म यांच्या नोंदींतील विसंगती आपल्या मुलांना अडचणीत आणू शकते. कागदपत्रे वेळीच तपासून घ्या.

माघार : पहिलीपासून हिंदी

एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा आणि जूनमध्ये त्यात शब्दबदल करणारा, असे दोन शासन निर्णय निघाले होते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, सरकारने ते दोन्ही रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बहुमत तेच, सरकार तेच. शिक्षक, लेखक, पालक आणि परस्परविरोधी पक्ष एका मुद्द्यावर एकत्र आले म्हणून सरकार मागे हटले. जनसुरक्षा विधेयकावर एवढी व्यापक एकजूट वेळेत उभी राहिली नाही. फरक तिथे पडला.

ज्यावर पुरेशी चर्चा झाली नाही

गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देण्याची घोषणा १० जुलैलाच झाली. ५७ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. मात्र मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवले गेले, हा विषय अधिवेशनाच्या केंद्रस्थानी आला नाही. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे याच विभागाच्या पैशांवर चालतात. अनुसूचित जाती उपयोजनेसाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदे केले. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पुढे काय करायचे

बाबासाहेब १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. रस्त्यावरचा सत्याग्रह आणि सभागृहातील मसुदा ही दोन्ही कामे ते एकाच काळात करत होते. आपल्याकडे मोर्चे होतात, पण मसुदा वाचणारे कमी आहेत.

म्हणून प्रत्येक तालुक्यात तीन-चार तरुणांचा विधेयक-वाचन गट असावा. विधेयक मांडले की विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्यावे. समितीने सूचना मागवल्या तर विहार, महिला मंडळ आणि विद्यार्थी संघटनांनी स्वतंत्र लेखी हरकती पाठवाव्यात. आपल्या आमदाराने सभागृहात काय भूमिका घेतली हे त्याला लेखी विचारावे. धर्मांतराच्या विधेयकाचा मसुदा येईल तेव्हा पहिला प्रश्न हा असावा : पूर्वसूचनेची अट आहे का, आणि ती धम्मदीक्षेला लागू होते का?

जय भीम.