धूममार्गाचे प्रवासी

धुराविषयी आपल्या परंपरेचे मन एक नाही. ऋग्वेदात अग्नीला ‘धूमकेतु’ म्हटले आहे; धूर हीच ज्याची ध्वजा, असा तो. षोडशोपचार पूजेतही धूप आधी आणि दीप मागून. पण मराठी म्हणीत तेल गेले, तूप गेले, की कपाळकरंट्याच्या हाती उरते ते धुपाटणेच! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर अग्नीला झाकणारा धूर हा ज्ञानाला झाकणाऱ्या कामाचा दृष्टान्त झाला आहे. या दुहेरी वागणुकीतला सर्वांत अवघड भाग म्हणजे मरणोत्तर वाटेवरचा धूर. त्याची आठवण घराघरांत अजून निघते.

माझी आजी भाद्रपदात गेली. तेराव्या दिवशी एका वयोवृद्ध आप्तांनी सहज ‘धूममार्ग’ हा शब्द उच्चारला. माझे वडील त्यानंतर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. तो शब्द काय आहे, हे पाहण्याची सवड मला मात्र निवृत्तीनंतरच मिळाली.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात दोन वाटा सांगितल्या आहेत. अरण्यात राहून श्रद्धा व तप यांची उपासना करणारे ज्वाळेतून दिवसाकडे, शुक्लपक्षाकडे, उत्तरायणाकडे जातात. ते परतत नाहीत. गावात राहून इष्टापूर्त आणि दान करणारे धुरातून रात्रीकडे, कृष्णपक्षाकडे, दक्षिणायनाकडे आणि शेवटी पितृलोकातून चंद्रापर्यंत पोचतात. पुण्य सरले की ते त्याच वाटेने माघारी येतात. आकाश, वायू, पुन्हा धूर, मग अभ्र, मेघ, पाऊस, आणि त्या पावसाने तांदूळ, जव, तीळ, उडीद. म्हणजे जाताना लागलेला धूर येतानाही लागतो. चितेचा धूर आणि पावसाळी ढग यांतले साम्य ज्याने प्रथम पाहिले, तो ऋषी शेतकऱ्यांमध्ये वावरलेला असावा, असे मला नेहमी वाटते. (बृहदारण्यकात हीच कथा येते, तेथे तप मात्र धुराच्या बाजूला टाकले आहे. सीमारेषा तेव्हाही पक्की नव्हती, एवढेच यावरून म्हणता येईल.)

आता ‘इष्टापूर्त’ म्हणजे काय? इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवळे, अन्नदान. माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हा शब्द ऐकताच एकच मूर्ती उभी राहते. 1767 ते 1795 या काळात अहिल्याबाईंनी महेश्वरचे घाट बांधले, काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, आणि गयेस, जेथे अवघा देश पितरांना पिंड देतो तेथे, 1787 मध्ये विष्णुपद मंदिर बांधले. पूर्तकर्म याहून वेगळे कोणते? उपनिषदाचा शब्द अक्षरशः घ्यायचा, तर त्यांची वाट धुराची ठरते. त्यांचे निधनही 13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीला झाले. दक्षिणायन आणि कृष्णपक्ष, दोन्ही खुणा तंतोतंत जुळतात. पुण्यतिथीला पालखीपुढे हात जोडणाऱ्या कोणाच्या मनात ही शंका आल्याचे मात्र मी पाहिले नाही.

गीतेच्या आठव्या अध्यायात हेच दोन मार्ग येतात. तेथे शब्द ‘काल’ असा आहे, आणि लोकांनी पंचांग उघडले ते त्यावरून. शंकराचार्यांनी मात्र हे शब्द कालवाचक मानले नाहीत. धूर, रात्र, पक्ष या त्यांच्या मते जीवाला पुढे पोचवणाऱ्या देवता आहेत. दक्षिणायनात देह पडला तरी ज्ञानी पुरुष फळाला मुकत नाही, हे त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्पष्ट केले आहे. मग शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणासाठी का थांबले? शिष्टाचार पाळला जावा आणि पित्याने दिलेल्या स्वेच्छामरणाच्या वराची प्रचीती यावी म्हणून, असे त्यांचे उत्तर. युक्तिवाद भक्कम आहे. दुःखी घरात मात्र तो पोचत नाही.

तेथे पोचते ती ज्ञानेश्वरी. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, या श्लोकांवर बोलताना ज्ञानदेवांनी धूर थेट मरणाऱ्याच्या देहात आणला. कफवाताने गळा दाटतो, इंद्रिये लाकडासारखी होतात, आतला अग्नी आपले अग्निपण सोडतो आणि अवघा धूरच उरतो. चेतना त्यात कोंडते. चंद्रापुढे पाणभरला ढग यावा आणि धड उजेड नाही, धड अंधार नाही, असे व्हावे, तशी ती अवस्था. ज्याने कोणाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला हे वर्णन ग्रांथिक वाटणार नाही. आणि एवढे सांगून ज्ञानदेव थांबत नाहीत. जो जिवंतपणीच ब्रह्मरूप झाला, त्याचा देह कोणत्या वाटेने गेला याची चौकशी कशाला, असा त्यांचा पुढचा रोख आहे.

हे लिहिल्यानंतर सहा वर्षांनी, 1296 साली, त्यांनी आळंदीस समाधी घेतली. दिवस त्यांनी स्वतः ठरवलेला होता, असे परंपरा सांगते. तो दिवस कार्तिक वद्य त्रयोदशीचा. दक्षिणायन सरायला अजून अवकाश होता आणि पक्षही कृष्णच होता.