दवाखान्यात नेलेला माणूस परत येतो का?

मार्च २०२०मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण जिथे ठेवले गेले, ते कस्तुरबा रुग्णालय. सातरस्त्याजवळ, आर्थर रोड जेलपासून फार लांब नाही. तेव्हा रोज संध्याकाळी टीव्हीवर त्याचं गेट दिसायचं. त्या गेटच्या आत न जाण्यासाठी लोक काय काय करत होते, तेही आपल्या व्हॉट्सअॅपवर येत होतं. कुणी ताप लपवत होतं, कुणी क्वारंटाइनचा हातावरचा शिक्का घासून काढत होतं.

याच रुग्णालयावर २९ ऑक्टोबर १८९६ या दिवशी हजारभर गिरणी कामगार चालून गेले होते. तेव्हा त्याचं नाव कस्तुरबा नव्हतं. महापालिकेचं साथीच्या रोगांचं इस्पितळ, आणि लोकांच्या तोंडी नुसतं 'आर्थर रोड'. जमावाने दगडफेक केली, मोडतोड केली. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: इथे आणलेला माणूस जिवंत परत जात नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, इतिहासात नाही. पण माझे पणजोबा रत्नागिरीकडून येऊन गिरणीत लागलेले, आणि आमच्या घरात 'प्लेगच्या साली' हा शब्द तारीख सांगायला वापरायचे. त्यामुळे हा जमाव मला परका वाटत नाही. त्याच्याबद्दल वाचायला लागलं की सरकारी अहवालांत एक शब्द सारखा भेटतो: अज्ञान. अडाणी लोक, अफवांना भुललेले, स्वतःच्या भल्याला विरोध करणारे. हा शब्द मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी घटनाक्रम. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: घरांची झडती होईल, प्लेगचा संशय असेल त्याला इस्पितळात हलवलं जाईल, घरच्यांची संमती असो वा नसो. महिना संपायच्या आत आर्थर रोडवर हल्ला झाला. मग हुकूम सौम्य केला गेला, कारण सफाई कामगार घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई चालणार कशी, ही भीती महापालिकेला प्लेगइतकीच मोठी होती. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला (हो, तोच, २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढलेला). मार्चमध्ये मुंबईची सूत्रं ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे गेली. १८९१च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेल्या या शहरातून तोवर लाखो लोक गावी पळाले होते.

आता आर्थर रोडच्या आत काय होतं ते बघू. औषध नव्हतं. येर्सिनने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. उंदरावरच्या पिसवेचा संबंध सिमाँने दाखवला तो १८९८मध्ये कराचीत, आणि तोही लगेच कुणी मानला नाही. हाफकिनने जे.जे.च्या आवारातल्या खोलीत लस बनवून १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली, पण ती रोग व्हायच्या आधीची गोष्ट. रोग झालेल्यासाठी डॉक्टरकडे होतं ते एवढंच: ताप उतरवायचा प्रयत्न, गाठ पिकली तर चीर देणं, आणि हृदय चालत राहावं म्हणून उत्तेजकं, ज्यात त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दारूही आली. दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त मरत. म्हणजे जमावाचं निरीक्षण चुकीचं नव्हतंच. तिथे गेलेला बहुतेक वेळा खरंच परत येत नव्हता.

इथे माझ्या धंद्यातली एक सवय उपयोगी पडते. एखादा आकडा भयंकर दिसला की आधी विचारायचं, यात आलं कोण? घरचे माणसाला माळ्यावर, गोधडीखाली, शेजारच्या खोलीत लपवायचे. झडतीत सापडायचा तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत असायचा. मग डोलीतून किंवा गाडीतून रस्त्यावरून नेलं जाणं, आणि काही तासांत किंवा दिवसांत मृत्यू. चाळीतल्या पुढच्या कुटुंबाने हे पाहिलेलं असायचं. ते आपलं माणूस आणखी घट्ट लपवायचे, म्हणजे ते आणखी उशिरा पोचायचं. आर्थर रोडचे डॉक्टर हेच सांगत होते, की आमच्याकडे मेलेलेच आणता. चाळ सांगत होती, तुमच्याकडे नेलं की मरतो. दोघंही खरं बोलत होते, आणि सक्तीच्या प्रत्येक नव्या हुकुमाने दोघांचंही म्हणणं आणखी खरं होत होतं.

राहिल्या अफवा. एक अशी की इस्पितळात माणसांची मोमिआई काढतात, म्हणजे शरीरातून मलम. दुसरी जास्त रंगतदार. ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासून चपलांची माळ घातली होती. लोक म्हणू लागले, राणीने सूड म्हणून मुंबईकरांची काळजं मागवली आहेत. (ते डांबर फासणारे दामोदर चापेकर होते, हे पुढे त्यांच्याच कबुलीतून कळलं.) हसू येतं खरं. पण त्या चाळीतल्या माणसाच्या जागेवरून बघा. माणूस बळजबरीने नेतात. आत भेटू देत नाहीत. काय खायला घातलं, कुणी पाणी पाजलं, कळत नाही. मग प्रेत मिळतं, किंवा परस्पर विल्हेवाट लागल्याचं कळतं. आत काय झालं याची माहिती शून्य असेल, तर ती रिकामी जागा माणूस काहीतरी घालून भरणारच. त्या अफवा ही त्या इस्पितळाबद्दल रुग्णांच्या बाजूने आपल्यापर्यंत पोचलेली जवळपास एकमेव नोंद आहे. बाकी सगळी कागदपत्रं डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची, लष्कराची: दाखल इतके, मृत इतके, बरे होऊन गेले इतके.

हे म्हणायला आणखी एक कारण आहे. गॅटेकरांच्या कमिटीने एक वेगळी गोष्ट केली. त्या त्या जातीला, पंथाला आपलं स्वतःचं प्लेग इस्पितळ काढायची मुभा दिली, उत्तेजनही दिलं. बघता बघता मुंबईत अशी कितीतरी इस्पितळं उभी राहिली. बरीचशी बांबू-चटयांचे मांडवच. तिथे नातेवाइकांना उशाशी बसता येई. जेवण आपल्या माणसाच्या हातचं. वैद्य-हकीम चालत. प्रेत आपल्या रीतीने जाई. औषध? तेच, म्हणजे जवळपास नाहीच. तरीही ज्या लोकांनी आर्थर रोडवर दगड मारले असते, ते इथे स्वतःहून येऊ लागले. पुण्यातही मार्च १८९७मध्ये टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ उभं केलं आणि मोठमोठे पुढारी शहर सोडत असताना ते स्वतः पुण्यात राहिले. टिळकांचं भांडण उपाय करण्याशी नव्हतं, ते ज्या तऱ्हेने केले जात होते तिच्याशी होतं. इस्पितळ या गोष्टीचीच लोकांना घृणा असती, तर हे घडलंच नसतं.

एप्रिल २०२१मध्ये माझी मावशी सतरा दिवस एका रुग्णालयात होती, नाव नको. ती बरी झाली. तिला त्या दिवसांबद्दल विचारलं तर ऑक्सिजन, इंजेक्शन यांबद्दल ती एक शब्द बोलत नाही. वॉर्डातल्या एका मावशींनी तिची वेणी घालून दिली आणि स्वतःच्या फोनवरून घरी व्हिडिओ कॉल लावून दिला, हे सांगते. आणि राउंडला येणारे तिला 'चौदा नंबर' म्हणायचे, हेही दर वेळी सांगते. एकाच इमारतीतले, एकाच आठवड्यातले अनुभव.

जातींच्या इस्पितळांचं कौतुक मात्र बेतानेच करायला हवं. ज्या जातीकडे शेठ होते, पैसा होता, त्यांची सोय झाली. गिरणीतला घाटावरचा किंवा कोकणातला मजूर, आणि ज्यांना कुठल्याच मांडवात जागा नव्हती असे अस्पृश्य, त्यांच्या वाट्याला शेवटी सार्वजनिक इस्पितळच राहिलं. विश्वास मिळाला, पण तो जातीच्या कुंपणाच्या आत. म्हणूनच त्याच महिन्यात पुण्याबाहेर हडपसरला काय चाललं होतं ते मला महत्त्वाचं वाटतं. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड यांचा मुलगा प्लेगने पडल्याचं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ला त्या गेल्या. पासष्ट-सहासष्ट वर्षांची बाई. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट त्याग म्हणून येते. मला ती 'रुग्णाला दवाखान्यात कसं नेतात' या प्रश्नाचं उत्तर म्हणूनही वाचावीशी वाटते, कारण तिथून काही मैलांवर रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर लवकरच हेच काम बंदुकीच्या धाकाने करू लागले.

रँडच्या पुण्याचं पुढे काय झालं ते आपल्याला पाठ आहे: २२ जून, गणेशखिंड, चापेकर. कमी पाठ असलेली गोष्ट तक्रारींची आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातल्या एका मुलीच्या बाबतीत सरकारी प्लेग इस्पितळाच्या कारभाराविरुद्ध 'बॉम्बे गार्डियन'ला जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले. त्याच सुमाराला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेले गोखले पुण्याहून आलेल्या मित्रांच्या पत्रांच्या आधारे झडतीतल्या अत्याचारांबद्दल तिथे बोलले. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पण तोवर रँडचा खून झाला होता, टिळक अटकेत होते, शहर दहशतीखाली होतं. पत्र लिहिणाऱ्यांपैकी नावानिशी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. ती आयुष्यभर त्यांना चिकटली, स्वकीयांनीही त्यांना भित्रे म्हटलं. आता विचार करा, स्वतः गोखल्यांची, इंग्रजीवर एवढी हुकमत असलेल्या माणसाची ही गत, तर आर्थर रोडवर बायको गमावलेला साचेवाला तक्रार करणार कुठे? दगड हा त्याचा तक्रार अर्ज होता. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. दगड आतल्या रुग्णांच्या आणि परिचारिकांच्या दिशेनेही जात होते.

कारण आतही माणसंच होती. आर्थर रोडचे प्रमुख डॉक्टर नसरवानजी होरमसजी चोक्सी, मुंबईचे पारशी. साथीच्या सगळ्या वर्षांत ते तिथे उभे राहिले. रोज ज्या रोगाला हात लावायचा तो आपल्यालाही खाऊ शकतो, आणि बाहेरचा जमाव आपल्याला खुनी समजतो, अशा अवस्थेत त्यांनी हजारो रुग्ण पाहिले. खडूस सरकारी डॉक्टर अशी त्यांची मूर्ती करणं सोपं आहे, पण त्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय आणि ते तसं वाटू देत नाही. रुग्ण उशिरा येतात याचा त्रास त्यात जाणवतो.

९ मार्च १८९८ला रिपन रोडवर एका मुलीच्या तपासणीवरून पुन्हा दंगल पेटली. या वेळी माणसं मेली. त्यानंतर मात्र सरकार खरोखर मागे सरलं, आणि सक्तीने इस्पितळात ओढून नेण्याचं धोरण ढिलं होत गेलं. परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस, १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्यापासून गव्हर्नरांच्या मनातून उतरलेलं, प्लेगच्या रुग्णांसाठी उघडलं होतं. १८९९मध्ये तिथे हाफकिनची प्रयोगशाळा आली, आजची हाफकिन संस्था.

आणि आर्थर रोडवर चोक्सींनी त्याच सुमाराला लुस्टिगचं सीरम वापरून पाहायला घेतलं. पद्धत अशी: दाखल होणाऱ्या एका रुग्णाला सीरम द्यायचं, पुढच्याला नाही, त्याच्या पुढच्याला द्यायचं. आमच्या ऑफिसात याला ए-बी टेस्ट म्हणतात. वैद्यकाच्या इतिहासात अशा तुलनेच्या सुरुवातीच्या उदाहरणांत चोक्सींचं काम मोजलं जातं. सीरम मिळालेल्यांत मृत्यू काहीसे कमी आढळले, रामबाण काही ते ठरलं नाही. तुम्हाला सीरम हवं का, असं रुग्णाला विचारायची तेव्हा रीत नव्हती. त्या तक्त्यांत रुग्ण येतो तो संख्येने: सीरम दिलेले इतके, न दिलेले इतके, मेले इतके. त्यातले जे बरे होऊन आर्थर रोडच्या त्या गेटमधून चालत बाहेर पडले, त्यांनी चाळीत परतल्यावर शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल, ते मला खूप वाचायचं होतं.