जुन्या सागवानी खिडक्यांची डागडुजी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींतील सागवानी खिडक्या पावसाळ्यात फुगतात आणि झडप चौकटीत अडकते. अशा वेळी लगेच रंधा मारण्याचा मोह होतो. परंतु जुलैत तासलेले लाकूड हिवाळ्यात आकसते आणि फट कायमची राहते. तासकाम कोरड्या दिवसांतच करावे.

मुळात दोष बहुधा लाकडाचा नसून बिजागरीचा असतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की झडप झुकते व खालचा कोपरा घासू लागतो. स्क्रूच्या भोकात सागाची काडी गोंद लावून ठोकावी आणि सुकल्यावर पितळी स्क्रू बसवावा. लोखंडी स्क्रू मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजतो. तरीही घासत असेल, तर चौकटीला खडू फासून झडप लावावी. झडपेवर खूण उमटेल तेवढेच तासावे. बिजागरी सोडवण्यापूर्वी झडप आतून दोरीने बांधणे अत्यावश्यक. खाली वर्दळीचा रस्ता असतो.

तावदानाची लांबी नव्याने भरताना खाचेला आधी जवसाचे तेल द्यावे, अन्यथा कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषते व ती तडकते.

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१६च्या नियमांनी आली. त्यामुळे जुना रंग ओला करूनच खरवडावा, मुलांना दूर ठेवावे.

खोताची वाडीसारख्या वारसा परिसरात खिडकीचे रूप बदलण्यापूर्वी महापालिकेकडे चौकशी करावी. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी अर्धीच उघडते, हे अनेकांना ती बसवल्यावर कळते.