तळटीप १२ : मरसा आणि शर्म
मरसा : अरबी शब्द, नांगर टाकण्याजोगी आडोशाची जागा. ‘शर्म’ म्हणजे किनाऱ्यात आत शिरलेली खाडी. ‘शर्म अल्-शेख’ हे नाव त्यावरूनच. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वर्षभर वायव्येकडून येतो. त्यामुळे सुएझकडे निघालेल्या शिडाच्या होड्या वारा पडला की एका मरशापासून दुसऱ्यापर्यंत मजल मारतात. पाण्याखालचे प्रवाळखडक ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असले तरच नीट दिसतात. म्हणून आत शिरायचे ते दिवसाउजेडीच. कोकणात जयगड, विजयदुर्ग येथील खाड्यांनी गलबतांना असाच आसरा दिला. मात्र कोकणात काठावर झाडी आणि गोडे पाणी असते. वाळवंटी मरशात बहुधा दोन्ही नसतात. या प्रकरणातली पाण्याच्या पिंपांची मोजदाद वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. – संपादक