जुनी तार, नवी वाट

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दूरध्वनी आला तो वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे ते आमच्या घरी आले तेव्हा याच तारेवर मोडेम किंचाळे आणि तेवढा वेळ दूरध्वनी अडून राही. पुण्याकडची निधनवार्ताही बाहेरच ताटकळे!

ऑक्टोबर 2004 च्या राष्ट्रीय धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला 256 किलोबिट ठरविला. जानेवारी 2005 मध्ये भारत संचार निगमाची सेवा सुरू झाली. केबलवालेही गच्च्यांवरून तारा ओढीत होतेच. आम्ही मात्र दूरध्वनीची तांब्याची तारच निवडली, कारण तोच क्रमांक महाराष्ट्रातील सगळ्या आप्तांच्या वह्यांत होता. बोलण्याला खालच्या कंप्रतेचा पट्टा पुरतो, माहिती वरच्या पट्ट्यातून वाहते. दोहोंना वेगळे करणारी ‘स्प्लिटर’ नावाची डबी भिंतीवर बसली.

आता आजी बहिणीशी बोलत असतानाच शेजारी पुण्याचे वृत्तपत्र उघडू लागले. अक्षरे प्रथम अगम्यच दिसत. ज्या त्या पत्राचा टंक निराळा. युनिकोड रुळेपर्यंत ते एकेक टंक उतरवून घेणे हे नातवंडांचे काम होते.