असल आणि तालीक

इंद्रायणी, आंद्रा आणि पवना यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या मावळ तालुक्यात, जेथे भाताची खाचरे लहान आणि हिस्सेदार पुष्कळ, तेथे शेताच्या बांधाइतकाच कागदही पिढ्यान्‌पिढ्या जपावा लागला आहे; आणि एकच मजकूर दोन ठिकाणी लिहिलेला असून त्यांत फरक पडला तर खरा कोणता मानावा, हा जो प्रश्न तळेगाव-वडगावहून रोज हिंजवडीस जाणाऱ्या तरुण संगणक-अभियंत्यांना आज फायलींविषयी पडतो, तो त्यांच्या पूर्वजांना जमिनीविषयी पडलेलाच होता.

सामायिक डिस्कवरची प्रोग्रामची एक फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली, तर बाहेरून ती एकच दिसते, परंतु प्रत्येकाच्या संगणकात तिची स्वतंत्र नक्कल चाललेली असते. पहिला अकरा वाजता आपली दुरुस्ती जतन करतो. दुसरा, ज्याने फाइल दहालाच उघडली होती आणि ज्याला त्या दुरुस्तीची वार्ताही नाही, तो बारा वाजता आपली प्रत जतन करतो. आणि पहिल्याचे सारे श्रम निःशब्दपणे लुप्त होतात. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा एवढे करतात, की असा तंटा आढळताच दुसरी प्रत नाव व तारीख जोडून शेजारी ठेवून देतात. निवाडा मात्र माणसालाच करावा लागतो.

मराठी राज्याच्या दप्तरदारांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला होता. गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या रुमालात, परगण्याचे देशपांड्याकडे आणि सरकारचे हुजुरात, अशी लेखनाची स्थाने भिन्न असल्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्याशी ताडून पाहता येई. इनामपत्राच्या अखेरीस अंमलदारास आज्ञा असे, की पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि असल इनामदारास भोगवट्यासाठी परत द्यावे. म्हणजे मूळ प्रत हक्कदाराच्या घरी व नक्कल सरकारात. मजकूर संपला तेथे मोर्तब उठवीत, जेणेकरून त्याखाली कोणास ओळ वाढविता येऊ नये. लांब कागदाच्या जोडांवर शिक्के करीत, जेणेकरून मधला बंद बदलता येऊ नये. आणि नोंद झाल्याची खूण म्हणून ‘बार’ लिहीत. एवढे करूनही दोन कागद परस्परविरुद्ध निघालेच, तर गोत बसे, पाटील, मोकदम, बलुतेदार आपापल्या माहितीप्रमाणे साक्ष देत, आणि निर्णयाचा महजर सर्वांच्या निशाण्यांसह सिद्ध होई. ज्याने शेवटी लिहिले तोच खरा, हा न्याय त्या सभेस मान्य झाला नसता.

पुढे इंग्रजी अमलात 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हा मात्र पारडे फिरले. इनामदारांच्या सनदा पेशव्यांच्या दप्तराशी ताडल्या जाऊ लागल्या आणि ज्यांना हक्क शाबीत करता आला नाही त्यांची इनामे खालसा झाली. घरच्या असलापेक्षा कचेरीतील नोंद वरचढ ठरविण्याची ही रीत मला अन्यायाची वाटते. कारण दप्तरात एखादा कागद न सापडणे आणि तो मुळात नसणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. 1863 च्या कायद्याने सरसकट तडजोड करून सरकारने ही चौकशी आवरती घेतली.

हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला, 1951 साली कुळकर्णी वतने गेली, दप्तर तलाठ्याकडे आले; परंतु या काळात जी फेरफाराची पद्धती रूढ झाली ती मला विशेष आदरणीय वाटते. खरेदी झाली वा वारस लागला, तरी सातबाऱ्यावर एकदम लेखणी चालत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये नोंद होते, हितसंबंधी मंडळींस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, नंतर मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर तेव्हाही जुने नाव खोडत नसत. त्यास कंस करीत व फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत, त्यामुळे कोणता बदल कोणत्या नोंदीने झाला हे नातवासही वाचता येई. हरकत आलीच तर तिच्यासाठी नमुना 6-अ, म्हणजे तक्रारी प्रकरणांची स्वतंत्र नोंदवही, राखलेली आहे.

प्रोग्रामकारांनी हीच शिस्त स्वतंत्रपणे शोधून काढली. बेल प्रयोगशाळेत 1972 साली फाइलीच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली झाली. 1982 च्या सुमारास वॉल्टर टिची यांच्या प्रणालीत ज्याच्याजवळ कुलूप तोच फाइल बदलू शके. आणि 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचलेल्या गिटमध्ये दोन प्रती त्यांच्या समान पूर्वजाशी, म्हणजे असलाशी, ताडून एकत्र केल्या जातात, आणि एकाच ओळीवर दोघांनी भिन्न लिहिले असल्यास काम थांबवून माणसास विचारले जाते.

पुढे सातबाराही संगणकावर आला; त्या संगणकीकरणात हस्तलिखित व संगणकीय सातबाऱ्यांत तफावती निघाल्या, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली त्या दुरुस्त कराव्या लागल्या. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक असतो, आणि प्रलंबित फेरफार असल्यास तोही दाखविलेला असतो. सामायिक डिस्कवर काम करणाऱ्या मावळच्या मुलांनी घरचा हा कागद एकदा नीट वाचावा, आणि आपल्या फोल्डरात नाव-तारीख जोडलेली दुसरी प्रत आढळली, तर ती पुसण्यापूर्वी जिने वा ज्याने ती लिहिली त्यास शेजारी बोलावून घ्यावे.